दरीपलीकडची गोळी

ऑक्टोबरपासून मी माझ्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होते. मीठ दे, गाडीत तेल भर, तुझ्या बहिणीचा फोन आला होता, एवढंच. असं सगळं चाललेलं असताना जुलैत, आमच्या लग्नाच्या वाढदिवशी, व्हर्लनं नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं की आपण दोघं नेमबाजीच्या शिबिराला जातोय. खास शिकाऱ्यांसाठीचं शिबिर, डोंगरात, लांब पल्ल्याची नेमबाजी. दोघांची नावं त्यानं देऊनही टाकली होती.

बायको कशावर चिडली आहे हे पक्कं माहीत असताना माणूस नेमकी तीच गोष्ट तिला भेट देतो, तेव्हा तो एकतर फार भोळा असतो, नाहीतर फार निगरगट्ट. इतकी वर्षं संसार करूनही व्हर्ल यातला कोणता ते मला ठरवता येईना.

झालं होतं ते असं. आम्ही दोघं दरवर्षी बिगहॉर्नच्या डोंगरात एल्क नावाची मोठी हरणं मारायला जातो. दोघांचे दोन परवाने, दोन माद्या, आणि हिवाळाभराच्या मांसाची सोय. मी शाळेची बस चालवते, व्हर्ल जिल्ह्याच्या रस्त्यांवर बर्फ काढायचं यंत्र चालवायचा. विकतचं गोमांस आमच्या घरात पाहुणे आले तरच येतं. शिकारीची आमची रीत माझ्या वडिलांपासून चालत आलेली. वाऱ्याच्या उलट बाजूनं जायचं, पोटावर सरपटायचं, जनावराचे कान हललेले दिसतील इतकं जवळ पोचायचं आणि एका गोळीत काम संपवायचं. पण मागच्या दोनेक वर्षांत व्हर्लची चाल मंदावली होती. गुडघा दुखतो म्हणायचा. मग त्यानं नवी रायफल घेतली, तिच्यावर हाताएवढी लांब दुर्बीण बसवली आणि हिवाळाभर फोनवर परक्या माणसांचे दरीपलीकडे नेम मारतानाचे व्हिडिओ बघत बसला.

ऑक्टोबरात, ऊन उतरताना, आम्ही एका खोल दरीच्या काठावर होतो. पलीकडच्या उतारावर एल्कचा कळप चरत होता. सातशे यार्डांच्या वर अंतर. मी म्हटलं, उद्या पहाटे पलीकडून येऊ. व्हर्ल तोवर आडवा झालाच होता. त्यानं गोळी झाडली, कळप उधळला, आणि झाडीत शिरताना एक मादी पाठीला बाक काढून चालतेय असं मला वाटलं. मी म्हटलं, लागलीय. तो म्हणाला, साफ चुकली, धूळ वर उडालेली बघितली मी. मी म्हटलं, जाऊन बघूया. तो म्हणाला, अंधार पडेल, आणि माझा गुडघा आज काही दरी उतरणार नाही. असं म्हणून तो गाडीकडे चालायलाही लागला.

फटफटल्यावर मी एकटी गेले. खाली ओढा, वर सुटे दगड. ती मला झाडीच्या कडेला सापडली. घोड्याएवढं जनावर, पुढचे दोन पाय मुडपून बसलेलं आणि जिवंत. गोळी पोटात लागली होती. रात्री कोल्ह्यांनी मागच्या बाजूनं खायला सुरुवात केली होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं उठायचा प्रयत्न केला. मी एका गोळीत तिला सोडवलं. मग माझा स्वतःचा परवाना तिच्या पायाला बांधला, कारण तो बांधल्याशिवाय मांस हलवता येत नाही आणि मांस तिथंच टाकून येणं मला जमलं नसतं. पोटातली घाण पसरून निम्मं खराब झालं होतं. जे चांगलं होतं ते पाठीवर बांधून खेपा करून मी अलीकडे आणलं. व्हर्ल गाडीपाशी कॉफी पीत उभा होता. मांस बघून म्हणाला, "दुसऱ्या कुणीतरी मारली असेल."

त्या दरीत आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

तेव्हापासूनचा हा राग. आणि म्हणूनच मी शिबिराला जायला तयार झाले. माणसांना असलं काही शिकवणारा कोण आहे ते मला बघायचं होतं आणि त्याला तोंडावर चार शब्द सुनवायचे होते.

शिकवणारी बाई निघाली. नेल्डा हॉयट तिचं नाव. पंचेचाळिशीची, काटक, उन्हानं ओठ फुटलेले, आवाज खर्जातला. शिबिर तिच्या सासरच्या कुरणावर होतं. गवताच्या कोठारात बाकं टाकलेली, आम्ही मोजकी माणसं. त्यात डेन्व्हरहून आलेला किप नावाचा एक दातांचा डॉक्टर होता. त्याच्या रायफलीची पेटी त्याच्या पोरीच्या पाळण्यापेक्षा मऊ असावी. मी माझी वडिलांची जुनी रायफल घोंगडीत गुंडाळून नेली होती. किपनं ती हातात घेऊन बघितली आणि अदबीनं परत दिली. म्हणून त्याच्यावर मी राग धरला नाही.

मी चार शब्द तयार ठेवले होते, पण नेल्डानं तिचेच आधी काढले. ती म्हणाली की लोखंड पळत नाही आणि लोखंडाला दुखत नाही, म्हणून इथं आलेला प्रत्येकजण स्वतःला हुशार समजायला लागतो. तिच्याकडे एल्कच्या आकाराच्या लोखंडी पाट्या होत्या, छातीच्या जागी एक पांढरा गोल रंगवलेला. गोल सोडून कुठंही गोळी लागली तर ती चुकलेल्या गोळीपेक्षा वाईट, हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम असा की डोंगरात गेल्यावर प्रत्येक जागी एकच गोळी, आणि ती झाडली की रायफल ठेवायची आणि पाटीपर्यंत चालत जाऊन आपली खूण बघून यायची. तिथवर चालत जायची तयारी नसेल तर तिथवर गोळी पाठवायची नाही.

किपनं विचारलं, "अगदी प्रत्येक वेळी? पाटी वाजलेली तर इथूनही ऐकू येते."

"दातातली कीड आवाजावरून ओळखता का तुम्ही?" नेल्डा म्हणाली.

सगळे हसले. मी व्हर्लकडे बघितलं. तो नाही हसला.

पहिला दिवस सपाटीवर गेला. शंभर यार्डांवर प्रत्येकाची रायफल तपासली, मग अंतर वाढवत नेलं. वारा कसा वाचायचा ते नेल्डानं दाखवलं. उन्हात जमिनीलगतची हवा थरथरते, तिच्याकडे दुर्बिणीतून बघायचं. मृगजळ सरळ वर उकळत असेल तर वारा पडलेला, आडवं वाहत असेल तर ज्या बाजूला वाहतं तिकडे गोळी ढकलली जाणार. आणि गोळी जाते तेव्हा मागं बसून बघणाऱ्याला हवेत तिची रेघ दिसते, पाण्यातून मासा गेल्यासारखी. म्हणून जोड्या लावलेल्या. एकानं झाडायची, दुसऱ्यानं मागं बसून वारा सांगायचा आणि गोळी कुठं गेली ते सांगायचं. आमची जोडी अर्थातच नवराबायकोची.

माझी पंचाईत अशी झाली की मला ते आवडायला लागलं. दुपारी माझ्या जुन्या रायफलीनं चारशे यार्डांवरचा पांढरा गोल वाजवला. आवाज यायला वेळ लागतो, आणि तो आला तेव्हा माझ्या तोंडून हसू फुटलं. व्हर्लनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसू गिळून टाकलं. आपण कशासाठी आलो आणि इथं पोरीसारखं काय खिदळतोय, असं वाटून स्वतःचाच संताप आला. संध्याकाळी शेकोटीपाशी व्हर्लनं किपला सांगितलं की आमची मार्लिस आता बदलतेय बघा, हिलाही नवीन रायफल घ्यावी लागणार. मी ताटातले घेवडे गिळले आणि उठून तंबूत गेले.

दुसऱ्या दिवशी डोंगर. आधीचे नेम जवळचे होते आणि पाट्याही वाटेच्या कडेलाच. व्हर्ल चालत होता, पण सगळ्यांच्या मागून. दर थोड्या वेळानं बुटाची नाडी बांधायला वाकायचा. एकदा नेल्डा त्याच्याजवळ थांबून काहीतरी हळू बोलली. त्यानं हात झटकून तिला पुढं घालवली.

दुपारनंतर आम्ही एका घळीच्या काठावर आलो. पलीकडच्या उतारावर, पाइनच्या झाडांखाली, एक पाटी. नेल्डानं अंतर सांगितलं नाही, ते ज्यानंत्यानं काढायचं होतं. आमचं आलं साडेसहाशेच्या आसपास. बाकीच्यांपैकी दोघांनी अंतर बघून रायफल उचललीच नाही आणि नेल्डानं त्यांची पाठ थोपटली. किपनं झाडली, चुकली, आणि तो निमूट खाली उतरून पलीकडे जाऊन आला. घामाघूम झाला होता, पण खूश होता.

मग व्हर्ल. तो पिशवीवर रायफल टेकवून आडवा झाला. मी मागं दुर्बीण लावून बसले. घळीत वाऱ्याचा काही नेम नव्हता. आमच्या काठावर गवत उजवीकडे झुकलेलं, मधे मृगजळ डावीकडे वाहणारं. मी म्हटलं, थांब, मधला वारा उलटा आहे. तो म्हणाला, दिसतंय मला. मी म्हटलं, अजून थांब. त्यानं झाडली.

मला रेघ स्पष्ट दिसली. ती वर चढली, डावीकडे झुकली आणि पाटीच्या मागच्या भागावर आदळली. पांढऱ्या गोलापासून हातभर लांब. मग टण् असा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"पोटात," मी म्हटलं.

"चुकली," व्हर्ल म्हणाला.

"व्हर्ल, पाटी वाजली."

"वरच्या वाटेवर दुसरा गट आहे. त्यांची वाजली असेल."

दुसरा गट कुठंच नव्हता. सगळे तिथंच, आमच्या मागं, गवतात बसलेले होते. तो हे बोलला आणि माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. इतके महिने जे दाताखाली धरून ठेवलं होतं ते सगळं मी तिथं, त्या परक्या माणसांसमोर बाहेर काढलं. ती मादी, ते कोल्हे, तिचे मुडपलेले पाय, माझा परवाना, माझ्या पाठीवरच्या खेपा आणि याच्या हातातली कॉफी. आवाज चढलेला मला ऐकू येत होता, पण थांबता येत नव्हतं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. किप आपले बूट न्याहाळत होता.

व्हर्ल लाल झाला. म्हणाला, घरचं घरी ठेव. मी म्हटलं, घरी तू ऐकत नाहीस म्हणून चव्हाट्यावर आणलं.

नेल्डा मधे पडली नाही. एवढंच म्हणाली, "नियम ठरलेला आहे. गोळी झाडलीत, आता दोघं पलीकडे जाऊन बघून या."

"माझा गुडघा," व्हर्ल म्हणाला.

"परवा बोलिंगच्या क्लबात गेलास तेव्हा गुडघा घरी ठेवून गेला होतास का?" मी म्हटलं. "जोडीदारांना दोनदा जिंकवलंस म्हणून बिअर पिऊन आलास."

त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. त्यात राग होता, पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते मला तेव्हा ओळखता आलं नाही. रायफल गवतात ठेवून तो घळ उतरायला लागला. तरातरा, एखादं पोर रुसून निघावं तसा. मी मागून गेले. उतरताना माझी टकळी चालूच होती. आता धावतोयस, तेव्हा का नाही धावलास? आता बऱ्या वाटा सापडतात तुला.

खाली ओढ्यातून पलीकडे गेल्यावर चढ लागला. तो थोडा चढला आणि थांबला. पुन्हा चढला, पुन्हा थांबला. एका थांब्याला पाइनच्या खोडाला हात लावून उभा राहिला, झाड निरखत असल्यासारखा. मी खालून म्हटलं, चल, झाडं मागाहून बघ. तो चढला. मग एका दगडावर बसला.

"मार्लिस, जरा दम खाऊ दे," तो म्हणाला.

"ऊठ. नाटकं पुरे झाली."

तो उठला नाही. मी वर पोचले आणि त्याचं तोंड बघितलं. राखेसारखं झालं होतं. ओठ निळसर, कपाळावर घाम, आणि डावा हात त्यानं उजव्या हातानं असा धरलेला जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. इतका वेळ मी ज्याच्याशी भांडत होते तो माणूस तिथं नव्हताच, तिथं घाबरलेला एक म्हातारा बसला होता.

मी ओरडले. घळीच्या त्या काठावरून किप आणि नेल्डा धावत सुटलेली दिसली. दातांचा डॉक्टर असो नाहीतर कसला, त्याच्या खिशात ॲस्पिरिन होती आणि काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. त्यानं गोळी व्हर्लला चावायला लावली, सदऱ्याची बटणं सोडली, टेकून बसवलं आणि संथ आवाजात त्याच्याशी दातांबद्दल बोलत राहिला. नेल्डानं बिनतारी यंत्रावरून हेलिकॉप्टर मागवलं. व्हर्लला ताडपत्रीत घालून आम्ही खाली आणलं, सगळे मिळून, दगडांवरून घसरत. त्याचं वजन माझ्या खांद्यावर आलं तेव्हा मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते. मर बघू आता, मरून दाखव, मग बघते तुझ्याकडे. घाबरल्यावर मला दुसरं काही सुचत नाही.

हेलिकॉप्टर गवताच्या कुरणात उतरलं. त्यात मला जागा नव्हती. ते उडून गेल्यावर लक्षात आलं की आमच्या गाडीच्या किल्ल्या व्हर्लच्या विजारीच्या खिशात गेल्या. मी तिथंच गाडीच्या चाकाला लाथ मारली. नेल्डानं आपली गाडी काढली आणि मला कॅस्पर शहरातल्या इस्पितळाकडे घेऊन निघाली.

वाटेत नेल्डा म्हणाली की सकाळी त्याचा श्वास तिला नीट वाटला नव्हता. तिनं विचारलंही होतं. उंचीमुळं होतंय, असं तो म्हणाला होता.

मी तिच्यावर घसरले. "तुला दिसलं होतं आणि तू त्याला चढायला लावलंस? मला एका शब्दानं सांगता येत नव्हतं?"

तिनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "मी त्यांना सकाळपासून बघतेय. तुम्ही किती वर्षं बघताय?"

मला तिचं तोंड फोडावंसं वाटलं. पण गाडी ती चालवत होती, आणि ती म्हणाली ते खरं होतं. उरलेला रस्ताभर मी खिडकीबाहेरची सेजची झुडपं बघत बसले. व्हर्ल जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरचे फोटो बघायचा. हिवाळ्यात बर्फ उपसायला शेजारच्या मुलाला बोलवायचा. गुडघा, गुडघा. मी त्याच्याशी बोलत नव्हते, म्हणजे त्याच्याकडे बघतही नव्हते.

पोचलो तेव्हा त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसवून झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला आत सोडलं. तो उशांना टेकून बसला होता, हाताला नळ्या, दाढी वाढलेली. मी खुर्ची ओढून बसले. इस्पितळात आलेल्या बायका म्हणतात तसलं काहीतरी गोड बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि निघालं ते असं: "कधीपासून?"

तो म्हणाला, मागच्याच्या मागच्या वसंतापासून. आधी नुसती चढावर छाती भरून यायची, मग हातापर्यंत कळ जायला लागली. डॉक्टरकडे गेलं तर डोंगर बंद करतील, म्हणून गेला नाही. त्याच्या वडिलांना डॉक्टरांनी असंच खुर्चीत बसवलं होतं आणि ते खुर्चीतच संपले. लांबून मारता आलं तर चढावं लागणार नाही, असा त्यानं हिशेब केला होता. शिबिराला मला का नेलं, तर मी मागं बसून त्याला वारा सांगेन आणि आमची शिकार चालू राहील म्हणून.

मी विचारलं, "ऑक्टोबरात तुला कळलं होतं?"

तो चादरीच्या कडेची घडी करत राहिला.

"व्हर्ल, मी विचारतेय."

"थप्प आवाज आला होता," तो म्हणाला. "लागल्याचं कळलं होतं."

"मग?"

"दरी उतरलो असतो तर पुन्हा वर आलो नसतो. तुला मला ओढून आणावं लागलं असतं."

"आणलं असतं."

"तेच नको होतं मला."

"म्हणून ती रात्रभर तशी राहिली," मी म्हटलं. "तुझी लाज राखायला."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. मी उठून पलंगाच्या त्या बाजूला गेले आणि तिथं उभी राहिले, म्हणजे त्याला बघावंच लागेल. मग मी त्याला सगळं सांगितलं. डोंगरात ओरडून सांगितलं तसं नाही, हळू, एकेक. तिचे डोळे कसे होते. कोल्ह्यांनी कुठून सुरुवात केली होती. मी जवळ गेल्यावर तिनं मान माझ्याकडे वळवली ती कशी. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. यंत्रावरची रेघ वरखाली व्हायला लागली. नर्स आत आली आणि म्हणाली की पेशंटला त्रास होतोय, तुम्ही जरा बाहेर बसा.

मी खाली गेले. एक शिळं सँडविच खाल्लं. कॉफी घेतली ती कडू होती, तीही संपवली. मग वर जाऊन नर्सला म्हटलं की मी आता शांत आहे, आणि आत जाऊन उरलेलं सांगितलं. खेपांचं. ओढ्यात पाय घसरून मांसाखाली पडले होते आणि बराच वेळ उठता येत नव्हतं, हे त्याला तोवर माहीत नव्हतं. "मीही तिथंच राहिले असते," मी म्हटलं. "आणि तू गाडीपाशी उभा राहून म्हणाला असतास, दुसऱ्या कुणाचीतरी बायको असेल."

त्यानं माझा हात धरला. मी धरू दिला, पण बोटं मिटली नाहीत.

पुढचे दोन महिने तो घरी होता. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, थोडं थोडं वाढवत. मी त्याला आळणी जेवण करून घालायची आणि त्यानं तोंड वाकडं केलं की त्याच्यासमोरून ताट उचलायची. मधे एकदा नेल्डाचा फोन आला. आमचं शिबिर अर्धं राहिलं होतं, येऊन पुरं करा म्हणाली. मी एकटी गेले. तिच्याशी नीट बोलले, तीही माझ्याशी. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपली हद्द ठरवायची असते, आडव्या वाऱ्यात, धाप लागलेली असताना, पहिल्याच गोळीला गोल वाजेल असं अंतर. माझी हद्द तीनशे निघाली. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. घरी येऊन सांगितलं तेव्हा व्हर्लनं विचारलं, माझी किती निघाली असती? मी म्हटलं, तुझी स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत.

तो हसला. मी नाही हसले.

ऑक्टोबरात मी एकटीच जाणार होते. तो म्हणाला, काठापर्यंत येतो, गाडीतच बसेन. मी म्हटलं, तुझी मर्जी. त्यानं रायफल घेतली नाही, नुसती दुर्बीण घेतली. वेगळी दरी, उथळ. वारा तोंडावर होता. मी उजाडता उजाडता पलीकडे गेले आणि सकाळचा बराच वेळ पोटावर सरपटत काढला. कळप उतारावर चरत होता. एक मादी बाकीच्यांपासून सुटी झाली, आडवी उभी राहिली, आणि मी दोनशे यार्डांच्या आतून गोळी झाडली. ती तिथंच बसली. मी जाऊन मेल्याची खात्री करायला तिच्या डोळ्याला हात लावून बघितलं, परवाना बांधला आणि सुरी काढली.

एक बाजू सोलून होत आली तेव्हा खालून दगड सरकल्याचा आवाज आला. बघते तर व्हर्ल. ओढा ओलांडून चढ चढत होता. पाच पावलं आणि थांबा, पाच पावलं आणि थांबा. मला दोन्ही एकदम वाटलं, धावत जाऊन याला धरावं आणि याला खाली ढकलून द्यावं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. सुरी चालवत राहिले आणि कान त्याच्या श्वासाकडे ठेवले. शेवटी एक उंच दरड होती. तिथं त्यानं वर हात केला, मी ओढून घेईन म्हणून. मी हात दिला नाही. तो वळसा घालून आला, त्याला आणखी वेळ लागला.

वर आल्यावर तो एल्कच्या डोक्यापाशी बसला. रंग बरा होता त्याचा. मग त्यानं तिच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मागच्या वर्षी मी यायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "यायला हवं होतंस."

एवढंच. राग गेला होता असं नाही. तो अजूनही आहे. कधी भांडी घासताना उसळतो, तेव्हा मी पदार्थ मुद्दाम आणखी आळणी करते आणि त्याला का ते सांगतेही.

"मागचा पाय धर," मी म्हटलं. "आणि दम लागला तर सांग. लपवलंस तर इथंच सोडून जाईन."

त्यानं बाह्या वर केल्या आणि पाय धरला.